कडू लागलं की सांगा

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी एक छोटासा निर्णय घेतला. या घरात जे समोर येईल, त्याला "छान" म्हणायचं. (कमी बोलणाऱ्या माणसाने एकच शब्द निवडावा, पण कुठेही चालणारा.) समोर आली सासऱ्यांच्या हातची कॉफी. जळक्या लाकडाचा काढाच तो! मी म्हटलं, "छान झालीय, बाबा." तेव्हापासून रोज माझ्यासाठी मोठा मग.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यास परवडला, पण कागदपत्रं ताजी ठेवणं नको. टीबीची टेस्ट करून यावं तर सीपीआरचं कार्ड संपलेलं, ते काढावं तर फ्लूची लस शिळी. दूधसुद्धा इतकं लवकर नासत नाही. या खेपेला मास्क-फिटिंगची, म्हणजे मास्क तोंडावर घट्ट बसतो की नाही त्या चाचणीची, मुदत संपत होती. आज चाचणी पास झाली नाही, तर सोमवारपासून वॉर्डात पाऊल नाही, आणि वॉर्ड हुकला की वर्ष गेलं. सकाळपासून मी पर्स उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते.

सोडायला बाबा आले. चाचणीच्या खोलीबाहेर त्यांनी थर्मास काढला. "रिकाम्या पोटी परीक्षा नको."

"बाबा, चाचणीआधी काही प्यायचं नसतं," मी म्हटलं. मनात. तोंडाने "छान" म्हटलं आणि पिऊन टाकली.

आत मास्कवाल्या बाईंनी माझ्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवला. "आधी मास्कशिवाय कडू फवारा मारते. चव कळली की सांगा. मग मास्क लावून तोच फवारा. तेव्हा कडू लागलं, तर मास्क बसत नाही."

फुस्स.

"कडू?"

"नाही."

फुस्स, फुस्स. "आता?"

"नाही."

"अहो, लोक पहिल्याच फवाऱ्याला तोंड वाकडं करतात! तुम्हाला लागतंय तरी काय?"

"छान," मी सवयीने म्हटलं.

बाईंनी हात खाली घेतला. "चव कळत नसेल तर मी सही करू शकत नाही. आत्ता काही प्यायलात?"

डोळ्यांपुढे वॉर्ड आला. "कॉफी. तुमच्या फवाऱ्यापेक्षा कडू. रोज पिते हो! जीभ मेलीय माझी!"

(टोपाच्या आत वाटतं की आपण कुजबुजतोय. तसं नसतं. दार उघडं होतं.)

चूळ भरून थोडा वेळ थांबायला सांगितलं. बाक एकच, आणि त्यावर बाबा. आम्ही दोघंही थर्मासकडे बघत बसलो. नंतर मात्र पहिल्याच फवाऱ्याला माझं तोंड वाकडं झालं, मास्क लावल्यावर काहीच लागलं नाही, आणि सही मिळाली.

गाडीत बाबा एकदाचे बोलले. "त्या पहिल्या सकाळी फोन आला आणि कॉफी गॅसवर राहून गेली, गं. तुला आवडली, म्हणून रोज मुद्दाम कढवतो. समोर उभं राहावं लागतं. आम्ही आपले चहाच पितो."

जेवताना ही बातमी सासूबाईंपर्यंत गेली. त्यांचा डाव हवेतच थांबला.

"म्हणजे माझ्या भाजीला रोज छान म्हणतेस, ते...?"

नवरा ताटात काहीतरी शोधायला लागला. मी पर्समधून मास्क काढला आणि तोंडावर चढवला. कुठूनही काही गळत नाही, याचं प्रमाणपत्र होतंच.

"लाव हो, खुशाल लाव," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी ही संपव. तुला आवडते म्हणून उद्याचीही आजच करून ठेवलीय."