खांद्यामागची गाठ

ग्रंथालयातल्या हेडक्लार्कसाहेबांनी उजव्या खांद्यामागची लिंबाएवढी गाठ आठ वर्षं निर्धास्तपणे बाळगली होती. बायको दर महिन्याला म्हणायची, "डॉक्टरांना दाखवा." साहेब दर महिन्याला "दुखतेय कुठे?" म्हणून पेपरात डोकं घालायचे. पण त्या सोमवारी एका वाचकाने "साहेब, शर्टात काहीतरी अडकलंय" म्हणत ती चिमटीत धरून ओढली, आणि (सगळं वाचनालय हसलं म्हणून) साहेबांनी ठरवलं, काढून टाकायची. घरी मात्र सांगायचं नाही. आठ वर्षं बायकोचंच बरोबर होतं, हे कबूल करावं लागलं असतं ना!

गुरुवारी "शाखेत पुस्तकमोजणी आहे" अशी थाप मारून ते दवाखान्यात पालथे झोपले. जागा बधिर करून सर्जनबाईंनी वीस मिनिटांत गाठ काढली, टाके घातले.

"चरबीची साधी गाठ दिसतेय. तरी तपासायला पाठवू, नेहमीची पद्धत आहे."

"सोबत कोण आहे?" नर्सने विचारलं.

"कोणी नाही," साहेब ऐटीत म्हणाले आणि फॉर्मवर सवयीने घरचा फोन नंबर लिहून मोकळे झाले. तिथेच घात झाला.

संध्याकाळी खांदा सांभाळत घरी पोचतात तो दाराशी चपलांचा ढीग. आत बायको, धाकटा भाऊ, भावजय, मेहुणा, सगळे माना खाली घालून बसलेले. साहेबांनी उंबऱ्यातूनच विचारलं,

"कोण गेलं?"

"दादा, तू आधी बस."

"अरे, पण गेलं कोण?"

"अजून कोणी नाही!" मेहुणा बोलून गेला आणि भावजयीला हुंदका फुटला.

दुपारी लॅबमधून फोन आला होता, "पेशंटची गाठ तपासायला आलीये, वय किती लिहू?" एवढंच. बाकीचं घरच्यांनी आपापल्या मनाने भरलं होतं.

"अहो, साधी चरबीची गाठ!" साहेब सांगत राहिले. कोणी हसलं नाही. बायकोने एकच विचारलं, "तुम्हाला आत नेलं तेव्हा बाहेर बाकावर कोण होतं?"

टाके खांद्याला होते, पण कळ भलतीकडेच उठली.

पुढचे आठ दिवस ती रोज हलक्या हाताने पट्टी बदलायची, पण तोंडातून शब्द नाही. साहेब तीनदा "चुकलं माझं" म्हणाले. (त्यातलं दोनदा तिच्या पाठीला.)

टाके काढायला मात्र ती बरोबर आली. सर्जनबाईंनी रिपोर्ट वाचला. "काळजी नको. नुसती चरबी होती, सगळी निघाली."

आठ दिवसांत पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं.

"सगळी?" नवऱ्याला नखशिखांत न्याहाळत ती म्हणाली. "नीट बघा हो बाई, अजून बरीच शिल्लक असेल."