वॉशरआप्पांची तोफ

"चाळीस वर्षं मी पाण्याला वळण लावलंय. चार लाल ठोकळ्यांना वळण लावायला मला चार दिवस पुष्कळ झाले," असं म्हणून वॉशरआप्पांनी संगणकासमोरची खुर्ची पुढे ओढली. वाक्य जरा मोठ्यानेच म्हटलं होतं, कारण ते स्वयंपाकघरापर्यंत पोचवायचं होतं. तिथून आजींचं उत्तर आलं, की आधी मागच्या खोलीतल्या नळाला वळण लावा, तीन वर्षं झाली टपटपतोय. आप्पा म्हणाले, उद्या बघतो.

आप्पा प्लंबर. म्हणजे होते. कुणाच्या घरी टाकी वाहत असो, नाहीतर गिझर रुसलेला असो, उंबरठ्यावरूनच त्यांचं निदान तयार असायचं : वॉशर गेलाय. दहातल्या नऊ वेळा ते खरं निघे आणि दहाव्या वेळी आप्पा ते खरं करून दाखवत. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी पान्यांची पेटी गल्लीतल्या नव्या प्लंबरच्या हवाली केली आणि सोबत एकच मंत्र दिला. काम सोडून उठायचं असेल, मग ते घोटभर चहासाठी का असेना, आधी मेन कॉक बंद करायचा आणि मगच बूड हलवायचं. हा मंत्र आप्पांनी इतकी वर्षं पाळला होता, की तो डोक्यातून केव्हाच निघून मनगटात जाऊन बसला होता. ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढता चढता त्यांनी स्वतःच्या सलाईनची कळ बंद केली होती, असं सांगतात. मी काही तिथे नव्हतो. पण नर्स कशाला खोटं बोलेल?

तर आता ते लाल ठोकळे. आप्पांची नात, लेकीची लेक, अकरा वर्षांची. अंगाने एवढीशी आणि चिकाटीने एवढी मोठी, की सगळे तिला मुंगीच म्हणत. ती दुसऱ्या गावी राहायची आणि तिने आपल्या दोन्ही आजोबांना संगणकावरच्या एका खेळात ओढलं होतं. त्या खेळातलं जग ठोकळ्यांचं. डोंगर चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा डब्याच्या झाकणासारखा चौकोनी. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून हवं ते बांधायचं. मुंगीने मधे एक तळं ठेवलं, एका काठावर आप्पा बसवले आणि दुसऱ्या काठावर मास्तर. मास्तर म्हणजे आप्पांचे व्याही, मुंगीच्या बाबांचे वडील. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. जिना उतरतानासुद्धा पायऱ्या मोजणारा.

तळ्याच्या मधोमध बेट होतं, बेटावर मनोरा आणि मनोऱ्याच्या टोकाला एक पिवळा ठोकळा. मुंगीने स्पर्धा लावली. दोन्ही आजोबांनी आपापल्या काठावर तोफ बांधायची. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्येकी तीन गोळे. ज्याचा गोळा पिवळा ठोकळा उडवेल, त्याच्याकडे ती अख्खी सुट्टी राहायला येणार.

हे ऐकून आप्पा खेळीमेळीने हसले, पण मनात सुट्ट्या मोजू लागले. तीन सुट्ट्या झाल्या, मुंगी मास्तरांकडेच जात होती. तिकडे झोपाळा आहे, त्याला आपण काय करणार, असं आप्पांनी स्वतःला समजावलं होतं. दर सुट्टीला आजी मागच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घालायच्या आणि महिन्याभराने ती न चुरगळलेली चादर घडी करून कपाटात ठेवायच्या. त्या घडी घालत तेव्हा आप्पा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. कधीकधी उलटं.

तोफेची रचना मुंगीने कागदावर काढून पाठवली होती. दगडांची एक पन्हळ. तिच्या मागच्या टोकाला पाण्याचा उगम, तिथून पाणी पुढे वाहत येतं. त्या वाहत्या पाण्यात बारुदाचे लाल ठोकळे ठेवायचे. ते फुटतात, पण पाण्यात असल्यामुळे पन्हळीला ओरखडाही पडत नाही, फक्त धक्का बसतो. पन्हळीच्या तोंडाशी एक लाल ठोकळा वेगळा ठेवायचा, तो गोळा. मागचे आधी पेटवायचे आणि गोळा जरा उशिरा, म्हणजे मागच्यांचा धक्का खाऊन तो उडतो आणि लांब जाऊन फुटतो. हा उशीर करण्यासाठी तारेत छोट्या चकत्या बसवायच्या. जितक्या चकत्या, तितका उशीर.

आप्पांना हे एका नजरेत कळलं. पन्हळ, उतार, पाणी, कॉक. यात नवीन ते काय? फक्त एका गोष्टीने ते अस्वस्थ झाले. त्या जगात एकदा सोडलेलं पाणी कधीच संपत नव्हतं. टाकी नाही, मीटर नाही, वाहतंय ते वाहतंयच. पहिल्या दिवशी त्यांनी तासभर नुसतं त्याच्याकडे बघण्यात घालवला आणि शेवटी आजींना सांगितलं, की हे जग बांधणाऱ्याला प्लंबिंगचा गंध नाही.

पहिली तोफ दुपारी जेवायच्या आधी तयार झाली. आप्पा जेवून आले, हात पुसले, बटण दाबलं. तोफ गेली. तोफेबरोबर शेजारची झोपडी, कुंपण आणि एक चौकोनी गाय गेली.

मुंगीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, पाणी वाहत होतं का? आप्पा दुखावले. पाण्याबद्दल त्यांना असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. माझ्या हाताने सोडलंय, म्हणाले.

दुसरी तोफ त्यांनी अधिक जाड बांधली. मध्ये पेपरवाल्याने बेल वाजवली म्हणून उठले, येऊन बटण दाबलं, तोफ गेली. तिसरी चहानंतर गेली. चौथ्या वेळी मात्र जेवून आल्यावर बटण दाबण्याआधी त्यांनी नीट पाहिलं आणि ते थंड पडले. पाण्याच्या उगमावर कुणीतरी दगड ठेवला होता. पन्हळ कोरडी ठणठणीत.

आप्पांनी हिशेब मांडला. या जगात माणसं तीन. मुंगी त्या वेळी शाळेत. आपण जेवत होतो, साक्षीदार बायको. उरलं कोण?

त्यांनी मास्तरांना फोन लावला आणि अत्यंत सौम्यपणे सांगितलं, की व्याही म्हणून तुमचा मान आहे, पण दुसऱ्याचं पाणी तोडणं हे माणुसकीला धरून नाही. मास्तरांना आधी काही कळेना. कळल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि संध्याकाळी एक संदेश पाठवला : 'आपला आरोप तपासला. पुरावा शून्य. गुण शून्य.'

मग आप्पा पेटलेच. त्यांनी तोफेभोवती भिंत बांधली, भिंतीभोवती खंदक खणला, खंदकावर दोन चौकोनी कुत्रे बसवले आणि लोखंडी दार लावलं. मग समाधानाने चहाला उठले. परत आले तर दार बंद, कुत्रे जागे आणि उगमावर दगड. मास्तर भिंतीतून जातात, यात आता आप्पांना शंका उरली नाही. गणिताच्या माणसाला काय, कुठेही शिरता येतं.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "आप्पा, तुम्ही माझ्या सासऱ्यांना पाणीचोर म्हणालात?"

"म्हणालो नाही. फक्त लोखंडी दार लावलं."

"ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. आणि तुमची नात म्हणतेय, आजोबा असे भांडणार असतील तर ती कुणाकडेच जाणार नाही. शाळेच्या शिबिराला नाव देते म्हणते."

आप्पांनी फोन ठेवला. मागच्या खोलीत आजी चादर झटकत होत्या. आप्पा त्या दिवशी तोफेकडे फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना 'जे झालं ते झालं' एवढा संदेश पाठवला. त्याला उत्तर आलं, 'काय झालं ते आधी सिद्ध करा.'

स्पर्धेचा रविवार उजाडला. संगणकाच्या पडद्यावर एका बाजूला मुंगी, एका बाजूला मास्तर मांडीवर वही घेऊन आणि मधे तळं. आप्पांच्या पडद्यावर जे दिसेल ते सगळ्यांना दिसेल, अशी सोय मुंगीने करून ठेवली होती.

पहिला मान मास्तरांचा. त्यांनी वहीत बघून सात लाल ठोकळे ठेवले. पहिला गोळा तळ्यात पडला. त्यांनी भागाकार तपासला. दुसरा मनोऱ्याच्या पायथ्याशी फुटला. त्यांनी हातचा एक धरायचा राहिला होता, तो धरला. तिसरा गोळा इतका सुंदर उडाला, की मनोऱ्यावरून, पिवळ्या ठोकळ्यावरून जाऊन थेट आप्पांच्या काठावर पडला आणि तिथला एक कुत्रा गेला. मास्तरांनी वही मिटली आणि चष्मा पुसायला घेतला.

आता आप्पा. तोफ सकाळीच नव्याने बांधलेली, पाणी झुळझुळ वाहतंय, सगळे बघतायत. इतक्यात आजींनी हाक मारली, चहा गाळलाय, घेऊन जा. आप्पा उठले, कप घेऊन आले, बसले, घोट घेतला आणि बटण दाबलं.

भिंत गेली, खंदक गेला, लोखंडी दार तळ्यात पडलं आणि राहिलेला कुत्राही गेला.

"बघितलंत?" आप्पा ओरडले. "भर सभेत! मी चहाला गेलो तेवढ्यात याने डाव साधला!"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग अगदी हळू आवाजात, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाशी बोलावं तसे ते म्हणाले, "आप्पा, तुम्ही उठताना तुमच्या उजव्या हाताने उगमावर दगड ठेवलात. उठून उभे राहिलात आणि मग गेलात. आम्ही दोघांनी पाहिलं."

"आप्पा, खरंच," मुंगी म्हणाली. "तू बघतसुद्धा नव्हतास. हातच गेला."

आप्पांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. चाळीस वर्षं सोबत काम केलेला हात. तो माउसवर निरागसपणे पडून होता. चार तोफा, एक गाय, एक कुत्रा आणि एक व्याही. सगळं याच हाताने.

"मास्तर," आप्पा म्हणाले. आणखी काही म्हणायचं होतं, पण प्लंबिंगमध्ये त्याला शब्द नव्हता.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "उत्तर चुकलं, पण रीत बरोबर होती. तिघांतून दोन वजा केले, एक उरला. फक्त वजा करायला स्वतःला घेतलंत."

मुंगीने नियम सांगितला, की पंधरा मिनिटांत तोफ पुन्हा बांधता येईल. आप्पांनी बारा मिनिटांत बांधली. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण बांधून झाल्यावर आजी आल्या, शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी आप्पांचं उजवं मनगट दोन्ही हातांनी पक्कं धरून ठेवलं. दुसरा गोळा आप्पांनी डाव्या हाताने सोडला. या वेळी पन्हळ जागच्या जागी राहिली. ठोकळे फुटले, पाणी तसंच झुळझुळलं, गोळा उडाला आणि मनोऱ्याच्या दोन ठोकळे अलीकडे हवेतच फुटला. आप्पांना आनंदही झाला आणि रडूही आलं.

"उशीर कमी पडतोय," मास्तर एकदम म्हणाले. "आणखी एक चकती टाका." म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण कुणाला मदत करतोय. पण शिक्षकाची जीभ. तीसुद्धा कुणाच्या ऐकण्यातली नसते.

आप्पांनी चकती टाकली. आता बटण दाबायचं तर डावा हात भलत्याच बटणाकडे जात होता आणि उजवा आजींच्या हातात वळवळत होता. आजी वैतागल्या. म्हणाल्या, सरका, आणि वाटाणे सोलताना शेंग दाबावी तसं त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं.

गोळा निघाला. तळ्यावरून वाकून गेला आणि पिवळ्या ठोकळ्याला असा लागला, की ठोकळा कुठे गेला ते नंतरही कुणाला सापडलं नाही.

मास्तरांनी नियमावर बोट ठेवलं, की गोळा आप्पांनी सोडलेला नाही. मुंगीने विचार केला आणि निकाल दिला : गोळा आजीचा, तोफ आप्पाची, चकती मास्तर-आजोबांची. पण बटण आजीने दाबलं, म्हणून सुट्टी आजीकडे. आप्पांनी डोळे पुसले आणि उदारपणे सांगितलं, की पुढच्या आठवड्यापर्यंत मी इथे झोपाळासुद्धा बसवतो.

"झोपाळा कशाला?" मुंगीने विचारलं.

"तिकडे झोपाळा आहे म्हणूनच जायचीस ना तीन वर्षं?"

"आप्पा, झोपाळ्यावर बसलं की मला मळमळतं. तुझ्याकडे मागच्या खोलीतला नळ टपटपतो. झोपच लागत नाही. मी आजीला सांगितलं होतं."

आप्पांनी आजींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "मी तुम्हाला रोज सांगत होते."

आप्पा खुर्चीतून उठले. उठताना उजव्या हाताने उगमावर दगड ठेवला, या वेळी कुणी अडवलं नाही. तडक मागच्या खोलीत गेले. वॉशर गेलाय, म्हणाले. पण घरात वॉशर नव्हता, पाना नव्हता, पेटी तर देऊनच टाकलेली. तेव्हा त्यांनी नळाची मान नुसत्या हाताने पकडली आणि तीन वर्षांचा सगळा राग एकदम त्याच्यावर काढला. नळ मुळासकट हातात आला. भिंतीतून पाण्याचा फवारा निघाला, तो पलंगापर्यंत गेला आणि धुतलेली चादर भिजवून परतला. मेन कॉक बंद करायचा, हे आप्पांना आठवलं. पण गेली चाळीस वर्षं ते काम मनगटाने केलं होतं आणि मनगट नेमकं भोकावर दाबून धरलेलं होतं. मेन आजींनी बंद केला.

फोन कानाला लावायलाही आजीच होत्या. पलीकडे गल्लीतला नवा प्लंबर. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पाणी कितपत जोरात आहे?

"तळ्यापलीकडे जाईल," आप्पा म्हणाले.

"मेन बंद केलाय ना?"

"केलाय."

"मग काही घाई नाही, आप्पा. तुमचंच शिकवणं," प्लंबर म्हणाला. "उद्या बघतो."