समुद्राला द्यायचा नारळ

"अहो, हे काय भलत्या वेळी धोतर नेसताय? समुद्रावर आलोय आपण!"

सत्यभामेचा प्रश्न रास्त होता. तांबड्या समुद्राच्या काठी, भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये, गुणाजी निऱ्या घालत उभा होता. उभा म्हणजे काय, छत इतकं बुटकं की फेटा बांधायचा तर माणसाने गुडघ्यात वाकावं.

"रंगीत तालीम," गुणाजी म्हणाला. "संध्याकाळी सातला गाव माझी वाट बघणार."

गुणाजी सौदीतल्या तबूकच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये एसी मेकॅनिक. पण पोटासाठी हात थंडाव्यात असले तरी जीव कीर्तनात. देवगडकडच्या आपल्या गावी माघातल्या उत्सवात तो पोरवयापासून बुवांच्या मागे झांज घेऊन उभा राहिला. मागेच. पुढे यायची वेळ कधी आली नाही. यंदा बुवांचा घसा बसला आणि गुणाजीने इकडून निरोप धाडला, "मोबाईलवरून मी करतो. देवळात पडदा लावा." उत्सव कमिटीचा अध्यक्ष विश्वनाथ, त्याचा चुलतभाऊ. तो हसून म्हणाला होता, "गुण्या, तू? कर बापडा. पण कीर्तन मध्ये मोडलंस, तर जन्मभर झांजच."

तेव्हापासून गुणाजी हत्ती-मगरीचं आख्यान घोकत होता. लेक तन्वीच्या शाळेला सुट्टी लागली म्हणून ही समुद्राची सहल निघाली, तर रस्ताभर गाडीत मगर. जाफरची गाडी कॅरॅव्हॅन ओढत होती. जाफर दापोलीकडचा, तबूकच्या बाजारात सुट्या भागांचा व्यापारी, गुणाजीचा जिवाभावाचा दोस्त. शेवटी तोही म्हणाला, "अरे, त्या हत्तीला एकदाचा सोडव तरी! डोंगर चढून उतरलो, हा अजून पाण्यातच!"

काठावर पोचल्यावर जाफरने कॅरॅव्हॅन सोडली, दोन्ही चाकांखाली लाकडी पाचरी मारल्या आणि बजावलं, "हँडब्रेक ढिला आहे. उतार आहे. पाचरींना हात लावू नको." मग तो मासळीसाठी बर्फ आणायला गाडी घेऊन गेला. सत्यभामा तन्वीला घेऊन शिंपले वेचायला गेली.

आणि फोन वाजला.

"गुण्या, कुठे आहेस? सगळे येऊन बसले!"

"आत्ताच? विशू, सातला म्हणालो होतो ना?"

"मग काय, सातच वाजतायत!"

भारताचं घड्याळ सौदीच्या अडीच तास पुढे धावतं. दर शुक्रवारी घरी फोन करताना हे ज्याला पाठ, तो आनंदाच्या भरात नेमका आज विसरला. पण फेटा डोक्यावर होता, देव पाठीशी होता. अडचण एकच. मोबाईल ठेवावा कशावर? टेबलावर ठेवला तर गावाला नुसतं पोट दिसत होतं. खाली उशी दिली तर मोबाईल लवंडत होता. काहीतरी घट्ट आणि उंच हवं.

गुणाजी खाली उतरला. पाचरी दिसल्या.

चाकं मोकळी ठेवण्याइतका तो वेडा नव्हता. सत्यभामेच्या पिशवीत दोन नारळ होते, चांगले शेंडीवाले. एकेका चाकाखाली एकेक दाबून बसवला, पाचरी उपसल्या, एकीवर एक रचून त्यावर मोबाईल उभा केला आणि दार लावून हात जोडले.

गळा लागला, आणि काय लागला! उभ्या जन्माची झांज जणू गळ्यात उतरली होती. पूर्वरंग झाला. पडद्यावर म्हातारीकोतारी माना डोलवू लागली. आख्यान सुरू झालं. हत्ती तळ्यावर आला, सोंडेने पाणी उडवू लागला, आणि गुणाजीने त्याच्या आनंदाची पहिली उडी मारली.

नेमकी तेव्हाच सत्यभामा परतली. नव्या समुद्राचं दर्शन झालं की त्याला नारळ द्यायचा, हा तिच्या माहेरचा नेम. तो घ्यायला ती वळली आणि जागीच थिजली.

"तन्वी! समुद्राला द्यायचा नारळ, आणि चाकाखाली? देव कोपेल की नाही!"

"मम्मी, मत छू! पप्पाने काहीतरी सोचके रखा होगा."

"तुझे पप्पा विचार करून ठेवतात होय? ओढ!"

मायलेकींनी शेंडी धरून ओढलं. नारळ हलेना. पण आत हत्तीने दुसरी उडी मारली, कॅरॅव्हॅन त्या अंगाला कलली आणि नारळ सुळकन् हातात आला. दुसऱ्याने एकट्याने कुठवर तग धरावा? तोही निसटला. कॅरॅव्हॅनने एक सुस्कारा टाकला आणि ती समुद्राकडे निघाली.

आत गुणाजीला पायांखालची जमीन सरकल्यासारखी वाटली. त्याला भरून आलं. पहिल्याच कीर्तनात एवढा रंग!

"अहोऽऽ! पाण्यात चाललात! थांबाऽऽ!" बाहेरून सत्यभामेचा टाहो आला.

"...आणि मगरीने पाय धरला!" गुणाजी गरजला.

"पप्पा! ब्रेक! ब्रेक!"

"आत, आत ओढू लागली!" आणि धोतराला काहीतरी गार लागलं. गुणाजीने खाली पाहिलं. दाराखालून खरंच पाणी येत होतं. त्याच्या पाठीमागच्या खिडकीत लाटा वर-खाली होत होत्या. पडद्यावर गाव डोळे विस्फारून बघत होतं. थांबावं, तर जन्मभर झांज. न थांबावं, तर जन्मच तेवढा उरतो की नाही कोण जाणे.

गुणाजी थांबला नाही. पाणी घोट्यावर आलं, तोवर हत्ती करुणा भाकण्यापर्यंत पोचला होता. आता देवाला हाक मारायची. गुणाजीने दोन्ही हात वर केले, ते छताला आपटले, आणि काळजाच्या तळातून हाक फुटली,

"सत्यभामेऽऽ! धाऽऽव गं!"

"आले होऽऽ! पण दार उघडत नाही मेलं!"

इतक्यात जाफर पोचला. बर्फाची गोणी तिथेच टाकून त्याने गाडी मागे-मागे पाण्यात घातली. "वहिनी, बाजूला! गुणाजी, मेल्या, घट्ट धर! यल्ला, चल वर!" साखळी खणाणली, हिसका बसला आणि कॅरॅव्हॅन पाणी गाळत वर आली. आत गुणाजी तोंडावर पडला, पण पडता पडता म्हणाला, "सुटला! हत्ती सुटला!" आणि मोबाईल पाण्यात गेला.

जाफरने वितळत चाललेल्या बर्फाकडे बघितलं. "हत्तीला सोडव म्हटलं मी, तर मलाच कामाला लावलंस."

गुणाजी वाळूत ओल्या धोतराने बसला होता. "मोडलं रे. आरती राहिली. आता झांजच." त्याचे डोळे भरले. सत्यभामेने पदराने त्याचं तोंड पुसलं. "मगरीने सोडलं ना? पुरे झालं," ती म्हणाली. मग तिने एक नारळ समुद्राला दिला. दुसरा चाकाखाली ठेवला. स्वतःच्या हाताने.

तन्वीचा फोन वाजला. विश्वनाथ. गुणाजीने घेऊन स्पीकरवर टाकला.

"बुवा!" पलीकडून आवाज आला.

गुण्या नाही. बुवा! गुणाजी उठून उभा राहिला.

"बुवा, असं आख्यान उभ्या जन्मात ऐकलं नाही! मागे खरा समुद्र काय, साखळीचा आवाज काय! बायामाणसं रडली. देवाला बोलवायचं तर आधी त्याच्या घरात वर्दी द्यावी, म्हणून सत्यभामेला हाक, हे तर कुणालाच सुचलं नसतं! आणि तो धावून आलेला कोण हो?"

"त्याला सांग," जाफर म्हणाला, "बर्फ आणायला गेला होता."

"बरं, कमिटीची बैठक इथल्या इथेच झाली," विश्वनाथ पुढे म्हणाला. "पुढल्या वर्षीचं कीर्तनही तुमच्याच घराकडे द्यायचं ठरलं."

गुणाजीने ओला फेटा सारखा केला. "विशू, ही तर देवाची कृपा."

"होय तर. तेव्हा बुवा, जरा वहिनींना फोन द्या. तो टाहो! तो गळा! पुढल्या वर्षी आख्यान त्यांचं. मागे झांजेला तुम्ही आहातच."

गुणाजीने फोन पुढे केला. सत्यभामेने पदर सावरला, घसा साफ केला आणि म्हणाली,

"करीन हो भावजी. पण जमिनीवर."