एका दिवसाची रजा

त्रुटीरावांनी बायकोचा अर्ज मंजूर केला आणि तिथूनच सगळं बिघडलं.

त्रुटीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयाच्या रजा शाखेत हेडक्लार्क होते, आणि आलेला प्रत्येक अर्ज लाल पेनाने ‘त्रुटी’ असा शेरा मारून एकदा तरी परत पाठवायचाच, हा त्यांचा बाणा होता. शाखेतल्या टायपिस्टबाईंनी एकदा ‘लग्नासाठी रजा’ मागितली, तेव्हा ‘कोणाच्या लग्नासाठी? तेथे अर्जदाराची उपस्थिती आवश्यक आहे काय?’ असं विचारून त्यांनी अर्ज परत केला होता. (लग्न बाईंचंच होतं. ते आठ दिवस पुढे ढकलावं लागलं.)

घरीही हाच कारभार. बायकोचं पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान होतं. ‘एकदा कुठेतरी जाऊन येऊ या’ असं ती सव्वीस वर्षं म्हणत होती आणि ‘लेखी दे’ असं हे सव्वीस वर्षं म्हणत होते. शेवटी तिने मापाच्या वहीतलं पान फाडून खरंच अर्ज लिहिला. विषय : सहलीस नेण्याबाबत. स्थळ : पृथ्वीच्या पार उत्तरेकडचं एक बंदर. ऋतू : भर हिवाळा.

“हिवाळ्यात? तिथे माणसं गोठतात,” त्रुटीराव म्हणाले.

“हिवाळ्यातच. तिथे दोन महिने सूर्य उगवत नाही. भर दुपारी सगळ्या गावात दिवे लागलेले असतात. जन्मभर दिव्याखाली मान मोडून शिवत आले, आता एकदा दिव्याखाली नुसतं हिंडायचंय.”

त्रुटीरावांना आतून कुठेतरी लागलं. त्यांनी अर्ज तीनदा वाचला, त्यावर तारीख नाही एवढीच त्रुटी काढली आणि सही ठोकली. बायकोने त्याच आठवड्यात अस्तराचे दोन जाडजूड कोट बेतले.

प्रवास कंपनीच्या माणसाशी त्रुटीराव स्वतः फोनवर बोलले.

“आठ दिवस, सात रात्री. चहा-नाश्ता धरून,” तो म्हणाला.

“तिथे सूर्य उगवतो का?”

“नाही साहेब, तीच तर गंमत आहे.”

“मग आठ दिवस कुठून आणणार तुम्ही? सगळ्या रात्रीच की. कागदावर दुरुस्ती करा.”

एवढं बोलून त्रुटीरावांनी फोन ठेवला, कारण बोलता बोलता त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकून गेलं होतं.

झालं होतं असं, की दहा वर्षांपूर्वी एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने दोन तारखांमधल्या एका रात्रीची रजा घेऊन ती अर्धीच मोजा असा हट्ट धरला होता. त्याला गप्प करायला त्रुटीरावांनी स्वतः परिपत्रक काढलं होतं : ‘रजेचा एक दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ.’ ते परिपत्रक अजून भिंतीवर होतं, काचेत. आता हिशेब सरळ होता. आठ तारखेला निघायचं, पंधराला परत यायचं, आणि मध्ये तिकडे सूर्योदयच नाही. म्हणजे सगळी सहल मिळून रजा लागते एक. उरलेल्या सात रजा शिल्लक. (त्या रजांचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आजवर रजा घेतलीच नव्हती.)

“अहो, सरळ आठ दिवसांची रजा टाका ना,” बायको शिलाई मशीन थांबवून म्हणाली. “उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“नियम म्हणजे नियम,” त्रुटीराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘एक दिवसाच्या रजेचा अर्ज’ टायपिस्टबाईंपुढे ठेवला. बाईंनी तो वाचला, भिंतीवरच्या परिपत्रकाकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला.

“एकच दिवस ना? नक्की?”

“नियम कोणाचा आहे?”

“तुमचाच.”

“मग झालं तर.”

“रजा मंजुरीचं पत्रही तसंच टाइप करू? वकिलातीत व्हिसासाठी लागतं ते.”

“अक्षरन् अक्षर तसंच.”

बाईंनी अक्षरन् अक्षर तसंच टाइप केलं. साहेबांनी न वाचता सही केली, कारण त्रुटीरावांच्या कागदात त्रुटी असते हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी बाई घरी जाताना गुणगुणत गेल्या. त्रुटीरावांनी त्याकडे लक्ष दिलं नाही.

वकिलातीच्या खिडकीमागे एक चष्मेवाला बसला होता. त्याच्याही हातात लाल पेन होतं. ते पाहून त्रुटीरावांना आपल्या जातीचा माणूस भेटल्याचा आनंद झाला. तो अर्धा मिनिट टिकला.

“सहल आठ दिवसांची, रजा एका दिवसाची. एका दिवसात परत कसे येणार?”

“तिथे सूर्योदय होत नाही ना, म्हणून आमच्या परिपत्रकाप्रमाणे...”

“आमच्याकडे दिवस घड्याळाने मोजतात,” चष्मेवाला म्हणाला आणि त्याने कागदावर लाल रेघ ओढली. “त्रुटी. नवं पत्र आणा, पुन्हा अर्ज करा. तीन आठवडे लागतील.”

विमान अकरा दिवसांवर होतं. बायकोचं दुकान तिचं स्वतःचं. तिला कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती. तिला महिनाभराचा व्हिसा मिळाला.

घरी आल्यावर त्रुटीराव खुर्चीत बसले आणि त्यांनी सरळ कबूल केलं. “चूक माझी आहे. तू जा. मी रद्द करायला सांगणार नाही.”

“सांगितलं असतंत तरी केलं नसतं,” बायको म्हणाली. मग कोट बॅगेत भरत म्हणाली, “तुमचा कोटही नेते. दोन घालीन.”

ती गेली. त्रुटीराव रोज कार्यालयात वेळेवर हजर. (सात रजा शिल्लक, एक मंजूर, आणि माणूस टेबलावर.) टायपिस्टबाई रोज विचारत, “काही खबर?” बाईंच्या आवाजात इतकी काळजी असे, की त्रुटीरावांना त्यांच्यावर रागावताही येत नसे. घरी त्यांनी एक पातेलं जाळलं, एका शर्टाला इस्त्रीचा शिक्का उठवला, आणि शिलाई मशीनवरची धूळ मात्र रोज न चुकता पुसली. मशीन बंद असलं की घर एवढं शांत असतं, हे त्यांना सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं.

पंधरा तारीख आली. त्यांनी घर झाडून ठेवलं. बायको आली नाही, फोन आला.

“अहो, मी थोडी थांबते. बंदरावर एक शिंपीणबाई आहे. तिने माझ्या कोटाची शिवण उलटी करून बघितली आणि मला घरीच ठेवून घेतलं. दुपारी दिवे लागतात त्या रस्त्यावरून दोघी हिंडतो. भाषा कळत नाही, पण शिवणातलं सगळं कळतं.”

“पण सहल आठ दिवसांची होती ना? संपली की ती.”

“कशी संपेल?” बायको शांतपणे म्हणाली. “इथे अजून सूर्य उगवला नाही. तुमच्या परिपत्रकाप्रमाणे माझा पहिलाच दिवस चाललाय.”

“मग येणार कधी?”

“सूर्योदय झाला की. अजून आठवडाभर तरी नाही म्हणतात. तुम्हाला लेखी लागतं म्हणून अर्ज पाठवलाय फोनवर, बघा.”

त्रुटीरावांनी चष्मा लावला, सवयीने खिशातलं लाल पेन काढलं. विषय : रजा वाढवून मिळण्याबाबत. कारण होतं, संदर्भात परिपत्रक होतं, खाली सही होती, आणि या वेळी तारीखही होती. त्यांनी अर्ज एकदा वाचला, दोनदा वाचला, दिव्याखाली धरून तिसऱ्यांदा वाचला.

एकही त्रुटी सापडली नाही.