शेंडी, टोपी आणि सकपाळ गुरुजी

सकपाळ गुरुजींसमोर 'मला फसवलं' एवढंच म्हणून सुटका नसे. महाडच्या शाळेत ते मराठी शिकवायचे, मी गणित, राहायचोही शेजारी-शेजारी. एकदा मी बाजारातून आंब्यांची करंडी आणली. वरचे पिवळेधमक, खालचे नासके. अंगणातच ओरडलो, "फसवलं लेकाच्यानं!"

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून गुरुजी कुंपणाशी आले. "फसवलं म्हणजे नक्की काय केलं? करंडी दाखवली होती?"

"वरवरची."

"मग शेंडी लावली. आंबे कबूल करून दिलेच नसते, तर तोंडाला पानं पुसली. पितळ सोनं म्हणून गळ्यात मारलं असतं, तर टोपी घातली." आणि समाधानानं उरलेली दाढी करायला गेले. माझे आंबे नासके ते नासकेच.

पोलादपूरची एसटी 'आत्ता येईल' असं तासभर सांगणाऱ्या कंट्रोलरला ते म्हणाले होते, "ही थाप नव्हे साहेब, हुलकावणी. थापेला कल्पकता लागते." एका पोरानं आजी वारल्याचं सांगून सुट्टी मागितली, आणि नेमकी आजीच त्याचा डबा घेऊन शाळेत आली. गुरुजींनी छडी उचलली नाही. वर्गाला म्हणाले, "बघा, लोणकढी थाप! नुकत्याच कढवलेल्या तुपासारखी ताजी!"

स्वतःला मात्र त्यांना खोटं बोलता यायचं नाही. कान लाल व्हायचे.

घरात ते आणि म्हातारी आई. लग्न राहूनच गेलेलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की, "मरंन, पण डोळ्याला सुरी लावून घ्यायची नाय!" शेवटी एकदा चुलीवर तिचा हात भाजला, तेव्हा गुरुजींनी मनाचा हिय्या केला. "आये, उमरठला मामाकडं जाऊया," म्हणून तिला सकाळीच एसटीत बसवलं. एसटी मात्र उलट दिशेची, मुंबईची. कान लालभडक झाले होते, पण तिला दिसणार कुठे! सोबतीला मी होतो. ही बाई दवाखान्याच्या दारात बसकण मारणार, या धास्तीनं गुरुजींनी वाटेत चहासुद्धा घेतला नाही.

दवाखान्याच्या पायरीशी त्यांचा धीर सुटला. "आये, हे उमरठ नाय. मी तुला..."



"ठाव हाय," आई म्हणाली. "उमरठला जाताना सकाळचं ऊन डाव्या गालावर पडतं. आज उजव्या गालावर व्हतं."

"मग बोलली का नाय गो?"

"तू वाटंत च्या पण नाय घेतलास रे. म्हटलं, पोर माज्यापेक्षा घाबरलाय, कशाला आनखी घाबरवा? चल आता, कुठं झोपायचं ते दाव."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर तसं म्हणाले तेव्हा गुरुजी बाकावर मटकन बसले आणि पहिल्यांदा चहा मागितला.

पुढे पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. आईनं तो लावून आधी लेकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "किती पिकलास रे बाबा! कवा झालं ह्ये सगळं?"

गुरुजी हसले, आणि तिला नीट दिसावं म्हणून खाली वाकले.