फुली असेल तिथे सही

“हा निर्णय मी एकटा घेणार! कोणालाही विचारणार नाही!” नंबरकाकांनी दुकानातल्या आरशात बघून जाहीर केलं. मागे भिंतीवर टांगलेले दोनशे चष्मे त्यांच्याकडे टक लावून बघत होते, पण एकानंही मान डोलावली नाही.

नंबरकाका चष्मेवाले. माणूस दुकानाची पायरी चढताना डोळे किती बारीक करतो, यावरून ते त्याचा नंबर सांगत, म्हणून गल्लीनं ठेवलेलं हे नाव. सगळ्या गावाला बारीक अक्षर वाचायला लावणाऱ्या या माणसानं स्वतः मात्र छत्तीस वर्षांत एकही सरकारी कागद वाचला नव्हता. ते खातं काकूंचं. काकू कागद वाचत, भरत, आणि सही हवी असेल तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारून काउंटरवर ठेवत. काका गिऱ्हाईकाशी बोलता बोलता फुलीवर सही ठोकत. एकदा वाणसामानाच्या यादीवर काकूंची चुकून फुली पडली, तर काकांनी साबणाच्या खाली सही केली होती!

काकूंना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हापासून टपाल आलं की काका ते न फोडता ड्रॉवरमध्ये सारत. आता ड्रॉवर बंद होईना. शेवटी लेकीनं फोनवर तंबी दिली, “बाबा, तुम्हाला एकट्याला झेपत नाहीये. महिनाअखेरपर्यंत दुकानदारांच्या त्या सरकारी निवृत्तिवेतनाचं काय ते ठरवा. नाहीतर दुकान बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. आमच्याकडे लिफ्ट आहे.”

काकांना लिफ्ट नको होती. त्यांना हे दुकान हवं होतं, वरच्या दोन खोल्या हव्या होत्या, आणि खिडकीजवळची काकूंची खुर्ची होती तिथेच हवी होती.

तर मग ठरवायचं! नियम शिंप्यानं दोन महिन्यांपूर्वीच समजावून सांगितला होता. शिंपी शेजारचाच. साठीला वेतन सुरू केलं तर कमी मिळतं, थांबाल तितकं वाढतं, आणि सत्तरीपर्यंत थांबता येतं. काका बासष्टचे होते.

“हात्तिच्या! म्हणजे प्रश्न एकच,” काका तेव्हाच म्हणाले होते. “मी मरणार कधी? तेवढं कळलं की झालं!”

शिंप्यानं तोवर तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यानं नुसतं ‘हं’ केलं. आणि आता दोन महिन्यांनी तो ते सगळं साफ विसरूनही गेला होता.

एका सकाळी काकांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

“आक्का, आपले आजोबा कितव्या वर्षी गेले गं?”

“एक्याऐंशी. का रे सकाळी सकाळी?”

“आणि बाबा?”

“त्र्याहत्तर. अरे, पण झालंय काय?”

“छे! बाबांनी सरासरी पाडली! माझी किती वर्षं उरलीत ते बघतोय. महिनाअखेरच्या आत छडा लागायला हवा. ठेवतो, गिऱ्हाईक आलंय!”

दुपारी काका डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, “तब्येत ठणठणीत आहे.”

“ते राहू द्या हो! आकडा सांगा. आठ वर्षं धरू, की तेवढीही नाही? खरं काय ते सांगा, मी घाबरत नाही!”

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर बोटात सुई घुसलेला शिंपी बसला होता. “मी घाबरत नाही” हे ऐकताच तो बोट न दाखवताच उठला आणि गल्लीत पळाला.

दुसऱ्या दिवशी आठ महिने रखडलेला काकांचा शर्ट इस्त्रीसकट हजर! “कधीही घाला,” शिंपी जड आवाजात म्हणाला. “बाह्या ढिल्या ठेवल्यात. आता तुम्हाला घट्ट काही नको.”

गिऱ्हाइकं दबक्या आवाजात बोलू लागली. पोस्टमननं घंटी वाजवायचं सोडलं. एका मास्तरांनी तर एकदम चार चष्मे घेतले. “तुमच्यासारखा नंबर पुन्हा कोण काढून देणार?” असं म्हणून त्यांनी काकांचा हात इतका वेळ धरून ठेवला, की काकांना डाव्या हातानं बिल करावं लागलं. काका खूश! ‘वा! एकट्यानं निर्णय घ्यायला लागलो, तर लोक किती मान देतात!’

तिसऱ्या दिवशी दारात टॅक्सी थांबली. आतून आक्का उतरली, आक्काची बॅग उतरली, आणि मागून लेक उतरली. तिच्या हातात सामान भरायचे रिकामे खोके होते.

“बाबा, मला का नाही सांगितलंत?” लेकीचे डोळे सुजले होते.

“काय सांगू? अजून ठरलंच नाहीये! आत्ताच, की आठ वर्षं थांबायचं, तेच तर उमगत नाही.”

“अरे, ते काय आपल्या हातात असतं?” आक्कानं हंबरडा फोडला.

“मग कोणाच्या हातात असतं? अर्ज मलाच भरायचाय!”

आक्काचा हंबरडा अर्ध्यावरच तुटला.

“कसला अर्ज?” लेकीनं विचारलं.

“निवृत्तिवेतनाचा! दुसरा कसला?”

आक्कानं आधी बॅग खाली ठेवली, मग पुन्हा उचलली आणि काकांच्या पाठीत घातली. शिंपी दारातूनच ओरडला, “मग शर्ट परत द्या! बटणं नुसती टाचून दिलीत!”

लेक हसली नाही. “बास झालं, बाबा. तुम्हाला एकटं सोडण्यात अर्थ नाही. चला कचेरीत, आत्ताच्या आत्ता. तिथून आलो की खोके भरायला घेते.”

कचेरीत खिडकीमागच्या बाईंनी संगणकात काकांचा आधार नंबर टाकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “काका, तुमचं वेतन दोन वर्षांपूर्वीच सुरू झालंय.”

“कोणाचं?”

“तुमचं. साठी भरल्या दिवसापासून. आणि गेल्या वर्षी बंद पडलंय. हयातीचा दाखला आला नाही. आम्ही तीन पत्रं पाठवली. तुम्ही जिवंत आहात असं आमच्याकडे कुठेच दिसत नाही!”

“तरी मी म्हणत होते!” आक्का म्हणाली.

“पण मी अर्ज केलाच नव्हता!”

बाईंनी जुनी फाइल काढली आणि काचेखालून कागद सरकवला. लवकर वेतन घेण्याचं कारण, या रकान्यात काकूंचं ठसठशीत अक्षर होतं: ‘साठीलाच सुरू करावे. ठरवायला दिले तर हे सत्तरीपर्यंत ठरवतच बसतील.’

खाली काकांची सही. सहीच्या टोकाला न पुसलेली पेन्सिलीची फुली.

आक्का हसून हसून बाकावर बसली. लेक हसता हसता रडायला लागली. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढून पुसला. काच स्वच्छच होती.

तेवढ्यात लेकीनं बाईंकडून दोन कागद घेतले, एकावर पेन्सिलीनं फुली मारली आणि काकांसमोर ठेवला. काकांचं पेन सवयीनं फुलीवर टेकलं. आणि थांबलं.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच काकांनी कागद वाचला.

“अगं, हा माझं वेतन तुझ्या गावी हलवायचा अर्ज आहे!”

लेक ओशाळली. “वाटलं, कराल सही.”

“कालपर्यंत केली असती.” काकांनी रबर मागून फुली पुसली. “मी इथेच राहणार. घरी गेल्यावर पहिल्यांदा ड्रॉवर उपसणार. आता प्रत्येक कागद वाचणार.”

लेकीनं अर्जाची घडी करून पर्समध्ये टाकली. “दर रविवारी आठवड्याचं टपाल मला फोनवर वाचून दाखवायचं. बारीक अक्षरासकट!”

“छपाईच्या तारखेसकट!”

दुसरा कागद हयातीच्या दाखल्याचा होता. यावर फुली नव्हती! काकांनी तो वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला. मागची रांग दारापर्यंत गेली. मग त्यांनी ताठ उभं राहून, सही करताना चष्मा काढायच्या जुन्या सवयीप्रमाणे चष्मा काढला, झोकात सही केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि विजयी वीरासारखा कागद आत सरकवला.

बाईंनी बघितलं. “काका, ही माझ्या सहीची जागा. तुम्ही जिवंत आहात, हे मी लिहून द्यायचं असतं.”

बाईंनी नवा कागद घेतला, क्षणभर विचार केला, कानावरची पेन्सिल काढली आणि खाली डावीकडे एक बारीक फुली मारली.