साहेबाची कॅरॅव्हॅन आणि मार्सेलची झोप

मार्सेल डाबरेला दोन दिवस नुसतं झोपायचं होतं. बाकी त्याची आयुष्याकडून काही मागणी उरली नव्हती. मस्कतचा उन्हाळा संपेपर्यंत एसी कंपनीतल्या सुपरवायझरचं जे होतं, ते त्याचं झालं होतं. दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करून अल् घुब्राच्या फ्लॅटवर यावं, बूट काढावेत, की बिल्डिंगमधला कोणी तरी बेल वाजवायचाच. "मार्सेलभाय, जरा बघता का, पाणी गळतंय." वसईच्या आईबापांनी त्याला नाही म्हणायला शिकवलं नव्हतं.

म्हणून त्याचा फ्रेंच साहेब सुट्टीवर जाताना म्हणाला, "माझी कॅरॅव्हॅन घेऊन जा," तेव्हा मार्सेलच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. बरकाच्या पुढे, समुद्रकाठी, साहेबाच्या गावच्या एका बाईने कॅम्पसाइट काढली होती, अगदी फ्रान्समध्ये असते तशी. तिथे जेवणानंतर कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही, असं साहेबाने सांगितलं. मार्सेलने हे वाक्य बायकोला, ॲनीला, तीनदा ऐकवलं.

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. तिला ओढायला दणकट गाडी हवी, आणि मार्सेलची गाडी स्वतःलाच कशीबशी ओढायची. वरच्या मजल्यावरच्या यूनुसकडे पिकअप होती. यूनुस रत्नागिरीकडचा, रुवीत त्याचं नळ-पाइपांचं दुकान होतं.

"मागायचा काय त्याच्यात? मीच येतंय सोडायला," यूनुस म्हणाला.

इथे मार्सेल चुकला. शेजाऱ्याने सुट्टीचा दिवस मोडून आपलं बिऱ्हाड ओढायचं आणि आपण त्याला तसंच परत पाठवायचं, हे त्याच्या जिभेला जमेना. तो म्हणाला, "मग भाभींना पण घेऊन या ना."

हे असं म्हणायचं असतं, आणि समोरच्याने "आता नको, पुढच्या वेळी" म्हणायचं असतं. यूनुस आपला भाग विसरला.

"तू बोलावलंस त्यांना?" ॲनीने विचारलं.

"बोलावलं नाही. 'या ना' म्हटलं."

"मग येणारच ते. त्यात त्यांचं काय चुकलं?"

शुक्रवारी सकाळी यूनुस, त्याची बायको खुदेजा, गावाहून आलेली तिची नणंद गुलबानू आणि एक भलं मोठं पातेलं, सगळे खाली तयार होते. त्यांच्यामागे तळमजल्यावरचे हारूनभाय सहकुटुंब गाडीत बसले होते, आणि हारूनभायच्या मागे आणखी गाड्या होत्या. एकाला सांगून दुसऱ्याला न सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून खुदेजाने सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं. पुढे कॅरॅव्हॅन आणि मागे रांग अशी ती वरात समुद्रावर पोचली. मार्सेल सगळ्यांत शेवटी, आपल्या छोट्या गाडीत होता.

कॅम्पसाइटच्या दारात पाटी होती: एका कॅरॅव्हॅनमध्ये सहाच माणसं, दुपारी शांतता. मार्सेलने ती पाटी चर्चमधलं वचन वाचावं तशी वाचली. आत येऊन बघतो तर चटया पसरलेल्या आणि शेगडी पेटलेली.

"पपा, इथे प्रॉपर बेड एकच आहे," त्याची मुलगी मेलनी म्हणाली, "आणि त्यावर गुलबानू आंटी झोपली आहे."

"मार्सेलभाय," हारूनभाय आतून म्हणाले, "या कॅरॅव्हॅनचा एसी जरा आवाज करतोय. बघता का?"

मार्सेलने तोही बघितला. मग पुरुषमंडळी जुम्म्याच्या नमाजाला गेल्याची संधी साधून तो कॅम्पच्या मालकिणीकडे, मादामकडे गेला.

"मादाम, तिकडे काही लोक नियम मोडतायत."

"कोण लोक?"

"आमचेच," मार्सेल खालच्या आवाजात म्हणाला.

मादाम टोपी घालून तरातरा निघाली. मार्सेल मागे, लांबूनच. आता सगळे घरी जाणार या कल्पनेने त्याला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. पण खुदेजाने मादामचा चेहरा बघितलाच नाही, फक्त ऊन बघितलं.

"अवो मॅडम, अशा उन्हात कुठे फिरताव? बसा आधी."

मराठी मादामला येत नव्हतं, पण पुढ्यात आलेलं ताट तिला कळलं. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं तिखलं. पहिल्या घासाला मादामच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मार्सेलची आशा पालवली. दुसऱ्या घासाला तिने नाक पुसलं. मग तिने आणखी एक भाकरी मागितली, आणि ती खाऊन शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या फ्रेंच मंडळींना हाका मारत गेली. ती मंडळी आपापल्या ताटल्या घेऊन आली. आज दुपारची शांतता रद्द, असं मादामने जाहीर केलं.

एवढ्या भाकऱ्यांना सिलिंडर पुरला नाही. शुक्रवारची दुपार, आसपासची दुकानं बंद.

"मार्सेल, घरचा घेऊन ये," ॲनी म्हणाली. "माणसं ताटावर बसलीत."

मार्सेल निघाला. इतका थकला होता, की चिडायचंही त्याच्यात राहिलं नव्हतं. बिल्डिंगमध्ये शिरला, जिना चढला, कुलूप काढून दार लोटलं आणि उघड्या दारातच उभा राहिला. कुठे टीव्ही नाही, कुठे मूल नाही, पाण्याची मोटरसुद्धा बंद. बेल वाजवणारे सगळेच्या सगळे समुद्रावर होते. तो सोफ्यावर बसला, दोनच मिनिटं.

फोनने जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं.

"कुठे आहेस?" ॲनीचा आवाज.

"सिलिंडर... निघत नाहीये."

"अरे, यूनुसभायना पाठवलंय तुझ्या मदतीला. कधीचे निघालेत."

मार्सेलने मान वळवली. समोरच्या सोफ्यावर यूनुस आडवा झाला होता, चपला नीट जोडीने काढून ठेवलेल्या. त्याने डोळे उघडले नाहीत.

"सांगा भाभींना," तो हळूच म्हणाला, "दोघां मिळून ओढतंव. घट्ट बसलाय."

मार्सेलने तसं सांगितलं आणि फोन बंद केला. मग तोही पुन्हा सोफ्यावर आडवा झाला.

"मार्सेलभाय."

"हं."

"पुढच्या शुक्रवारी पण समुद्रावर पाठवू त्या सगळ्यांना."

"कॅरॅव्हॅन परत ओढावी लागेल."

"मी ओढतंय," यूनुस म्हणाला आणि कुशीवर वळला.